दोन बांगड्यांची हाक

फार पूर्वी नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक कासारीण राहत होती. गोष्ट जुनी आहे, पण सांगायला बसले की माझा राग काही जुना होत नाही. सांगता सांगता माझा आवाज चढला, तर तो तुमच्यावर चढलेला नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

कासारीण म्हणजे बांगड्या विकणारी आणि भरणारी. त्यातलं भरणं अवघड. काचेची बांगडी असते मनगटाच्या मापाची आणि पंजा असतो मनगटाहून मोठा. जोर लावला की बांगडी फुटते आणि काच हातात घुसते. म्हणून ही कासारीण समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याखालचा भाग हलके हलके दाबत राहायची, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढायची आणि मधेच म्हणायची, "हात ढिला सोड गं बाई." हात ढिला झाला की बांगडी अलगद मनगटावर उतरायची. तिच्याकडून कुणाला साधा ओरखडा आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, अशी तिथली रीत होती. मोठ्या घरच्या बायकाही तो करायच्या.

एका बाजाराच्या दिवशी गावात एक पोपट विकणारा आला. त्याचे सगळे पोपट खपले, एक उरला. शेपटीची पिसं उपटलेली, मान फुगवलेली, आणि जवळ जाईल त्याचं बोट फोडणारा. विकणाऱ्यालाही तो नकोसा झाला होता. संध्याकाळी निघताना त्यानं तो पिंजरा चिंचेखाली टाकला आणि मागं वळूनही न बघता तो चालता झाला. गावानं लगेच पोपटाचं नाव ठेवलं, चावरा. त्याची पिसं कुणी उपटली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

कासारणीनं पिंजरा उचलून घरी आणला. लगेच शेजारीपाजारी शहाणपण शिकवायला हजर झाले. पोपट शिकवायची त्या गावाची एक पद्धत होती. पिंजऱ्यावर काळं फडकं टाकायचं, पाखराला उपाशी ठेवायचं, आणि भुकेनं ते कासावीस झालं की एक दाणा दाखवून म्हणायचं, बोल. चावलं तर चोचीवर टिचकी मारायची. याला ते लोक शिकवणं म्हणायचे. अशानं गावातले निम्मे पोपट मरून जायचे. उरलेले घाबरून देवाचं नाव घ्यायचे, आणि ते ऐकून हेच लोक भक्तिभावानं हात जोडायचे.

कासारणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीच केलं नाही. तिनं पिंजरा भिंतीशी ठेवला, जिथून पोपटाला सगळं घर दिसेल पण मागून कुणी येणार नाही. आत भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि पेरूची फोड ठेवली, आणि त्याच्याकडे पाठ करून बांगड्या निवडत बसली. तिनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं नाही की त्याला बोलायचा आग्रह केला नाही. पाठमोऱ्या माणसाची भीती वाटत नाही, हे तिला ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं मागून डाळ चावल्याचा आवाज आला. तिनं मान वळवली नाही.

मग ती एका लांब काडीच्या टोकाला हिरव्या मिरचीचा तुकडा लावून गजांतून आत धरू लागली. तुकडा घेतला तर ती गोड बोलायची. चोच मारायला धावला तर हात हिसडून घ्यायची नाही, रागवायची नाही, मिरची घेऊन नुसती लांब जाऊन बसायची. चावल्यानं काही मिळत नाही आणि न चावल्यानं मिरची मिळते, एवढं पाखराला कळायला वेळ लागला, पण कळलं. काडी हळूहळू आखूड होत गेली आणि एक दिवस काडीच उरली नाही, उरली ती तिची बोटं. त्या दिवशी तिनं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि ते पुन्हा कधी लावलं नाही.

त्यानंतर तिनं त्याला हाक शिकवली. दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवायच्या आणि लगेच खाऊ द्यायचा. आवाज झाला की खाऊ, असं पोपटाच्या मनात पक्कं बसलं. तो चिंचेच्या शेंड्यावर असो की नदीपलीकडच्या पेरूच्या बागेत, बांगड्या वाजल्या की हिरवा झोत यावा तसा यायचा आणि तिच्या मनगटावर बसायचा. बांगड्या वाजवल्या आणि हात रिकामा निघाला, असं तिनं एकदाही होऊ दिलं नाही. घरात पेरू नसेल तर ती बांगड्या वाजवायचीच नाही. मनगटावर आला म्हणून कधी मूठ आवळून त्याला धरलंही नाही.

दिवसभर तिच्याजवळ राहून पोपट बोलायलाही लागला. कुणी शिकवलं नव्हतं. बांगड्या भरायला बसलेल्या मुलीनं भीतीनं हात आखडला की तो बांगड्यांच्या पेटीवरून मान वाकडी करून कासारणीच्याच आवाजात म्हणायचा, "हात ढिला सोड गं बाई." मुलगी हसायची आणि हसता हसता हात ढिला पडायचा. आता त्याला कुणी चावरा म्हणत नव्हतं. ज्यांनी टिचकी मारायला सांगितली होती, तेच आता पाहुण्यांना सांगायचे की हा आमच्या गावचा पोपट.

त्या गावाचा एक जहागीरदार होता. त्याच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं आणि नवरीचा हिरवा चुडा भरायला कासारणीला बोलावणं आलं. गढीच्या अंगणात मांडव पडला होता, दोन्हीकडचे पाहुणे जमले होते. कासारीण पेटी घेऊन बसली, पोपट खांद्यावर. नवरीनं हात आखडून धरला होता. पोपट म्हणाला, "हात ढिला सोड गं बाई," आणि सगळ्या बायका हसल्या. नवरीही हसली. तिचा डावा हात बघता बघता भरून झाला.

हे सगळं जहागीरदार बघत होता. चांगली वस्तू दिसली की ती आपलीच, अशी त्याला लहानपणापासूनची सवय. तो शांतपणे म्हणाला की पोपट आता इथंच राहील. कासारीण म्हणाली, तो तिचा नाहीच, मनाला येईल तेव्हा येतो आणि मनाला येईल तेव्हा जातो. जहागीरदारानं नोकरांकडे नुसतं बघितलं. नोकर धावले आणि पोपट उडून अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसला. नोकरांनी शिड्या लावल्या, उपरणी फेकली, फळं दाखवली. पोपट काही खाली येईना. पाहुण्यांसमोर शोभा व्हायला लागली तसा जहागीरदाराचा चेहरा लाल झाला.

बांगड्यांची हाक साऱ्या गावाला ठाऊक होती. त्यानं कासारणीला हुकूम केला की बांगड्या वाजव. पोपट हातावर आला की नोकर त्याला पकडतील आणि पंख कापून पिंजऱ्यात घालतील. नाही म्हणालीस तर उद्यापासून या गावात तुझ्याकडून एकही बाई बांगडी भरणार नाही.

कासारणीचं पोट बांगड्यांवरच होतं. तिनं एकदा पेटीकडे बघितलं, एकदा कडुनिंबाकडे.

"सरकार," ती म्हणाली, "ही हाक मी त्याला कंदी खोटी दिली न्हाई. आज बी देनार न्हाई."

आता माझा आवाज चढणार आहे. त्या अंगणात पाटील होता, भटजी होते, गावातली सगळी जाणती माणसं होती. एकानंही तोंड उघडलं नाही. उघडलं ते कासारणीलाच समजवायला. एवढ्याशा पाखरापायी सरकारांना दुखवू नकोस, वाजव बांगड्या आणि मोकळी हो. ज्या बायकांचे हात तिनं वर्षानुवर्षं जपले होते, त्या आपल्याच पायांकडे बघत उभ्या राहिल्या. जहागीरदार तर दुष्टच होता, त्याच्याकडून मला काही अपेक्षा नाही. पण या भल्या लोकांचा मला जास्त राग येतो.

कासारीण ऐकत नाही म्हटल्यावर जहागीरदारानं स्वतःच तिच्या पेटीतल्या दोन बांगड्या उचलल्या, ताटातली पेरूची फोड घेतली आणि बांगड्या वाजवल्या.

पोपट आला. सरळ खाली आला आणि जहागीरदाराच्या मनगटावर बसला. त्या आवाजानं त्याला आजवर कधी फसवलं नव्हतं, मग तो का येणार नाही? त्यानं पेरूकडे मान वाकवली आणि जहागीरदारानं मूठ आवळली.

पोपट फडफडला. मग कासारणीच्याच आवाजात म्हणाला, "हात ढिला सोड गं बाई."

पाहुणे हसले. अगदी पोट धरून हसले. जहागीरदारानंही हसत हसत सगळ्यांना दाखवलं की बघा कसा बोलतो, आणि त्याला चांदीच्या पिंजऱ्यात कोंबून दाराला कडी घातली. कासारणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हसली नाही ती एकटी नवरी. तिचा उजवा हात अजून भरायचा होता. तिनं त्या हाताची मूठ वळली आणि पदराखाली घेतली.

मुहूर्त जवळ येत होता. अर्ध्या चुड्यानं नवरी बोहल्यावर चढत नाही. आईनं विनवलं, मावशीनं लाडीगोडी लावली, काकूनं तिची बोटं ओढून उघडायचा प्रयत्न केला आणि बळंच बांगडी चढवायला गेली. बांगडी वाढली. लग्नघरात फुटली म्हणायचं नसतं, म्हणून सगळ्या बायका वाढली, वाढली असंच कुजबुजल्या, पण नवरीच्या हातातून रक्त आलं ते आलंच. जहागीरदार कासारणीवर खेकसला की तुझी कला कधी दाखवणार?

"सरकार, मुठीवर बांगडी चढत न्हाई," कासारीण म्हणाली. "मूठ ज्याची त्यानंच उघडावी लागती."

जहागीरदार मग लेकीवर ओरडला. नवरीनं मान वर केली.

"आबा, तो हात सोड म्हणत होता," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत आणि हसलात. उद्या मी सासरी असं म्हणाले आणि तिथं कुणी हसलं, तर तुम्ही काय करणार आहात?"

पाहुण्यांनी हातातली पानं खाली ठेवली. नवऱ्या मुलाच्या आईनं जहागीरदाराकडे बघितलं आणि ती नजर त्याला झेपली नाही. त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. त्याला पश्चात्ताप झाला म्हणून उघडलं, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. चारचौघांत मान खाली गेली म्हणून उघडलं.

पोपट मांडवावरून उडाला आणि कुणाकडेही न बघता नदीच्या दिशेनं गेला. नवरीनं मूठ सोडली. कासारणीनं तिची जखम पुसली, चुडा पुरा केला, आणि नवरीनं सगळ्यांदेखत वाकून तिला नमस्कार केला. नवरीनंच नमस्कार केल्यावर कासारणीकडून बांगड्या भरू नका म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिचं पोट वाचलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

जहागीरदाराला वाटलं की आपल्याला युक्ती कळली आहे. पुढं कितीतरी दिवस तो अंगणात उभा राहून बांगड्या वाजवायचा, हातात ताजा पेरू घेऊन. कावळे यायचे, पेरू पळवायचे. पोपट आला नाही.

तो कासारणीकडेही आला नाही. तिच्या घरासमोरच्या चिंचेवर बसायचा, पण उंच, शेंड्यावर. गावातले लोक निर्लज्जपणे तिला म्हणायचे की वाजव ना बांगड्या, तुझं तर ऐकेल. तिनं वाजवल्या नाहीत. अंगणात पेरूची फोड ठेवून ती चिंचेकडे पाठ करून बसली, अगदी पहिल्या दिवशी बसली होती तशी.

पुष्कळ दिवसांनी तो भिंतीवर उतरला. मग फोडीजवळ. मग पुन्हा लांब काडी, पुन्हा आखूड काडी. त्या बिचारीनं सगळं पहिल्यापासून केलं, चूक दुसऱ्याची असून. शेवटी एका संध्याकाळी तो तिच्या मनगटावर बसलाही. नेमकं तेव्हाच तिच्या हातातली एक बांगडी दुसरीवर वाजली आणि तो ओरडत उडून गेला.

तेव्हापासून तो तिच्या पेटीवर कधी बसला नाही, कारण तिथं दिवसभर बांगड्याच वाजत. तो पुन्हा कधी बोललाही नाही. कासारीण संध्याकाळी घरी आली की आधी दोन्ही हातांतल्या बांगड्यांवर मऊ फडकं गुंडाळायची, एकही वाजणार नाही असं घट्ट, आणि मग पेरूची फोड घेऊन अंगणात बसायची. सगळ्या गावाच्या हातात बांगड्या किणकिणायच्या. कासारणीच्या हातातल्या तेवढ्या मुक्या असायच्या.

तात्पर्य: ज्या हाकेवर विश्वास ठेवून कुणी आपल्याकडे येतं, त्या हाकेचं जाळं करू नये, आणि दुसरा कुणी करत असेल तर हसत उभं राहू नये.