शेवट पाठ असलेला नट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजांची नावे त्यांच्या वंशजांनाही सांगता येत नाहीत. नदीकाठच्या एका गावात एक नट राहत होता. तो नेहमी राजाचेच सोंग घ्यायचा, आणि नाटकही नेहमी एकच करायचा.

त्या नाटकातला राजा शूर होता, न्यायी होता, पण भारी मानी होता. धाकट्या भावाने भर दरबारात त्याची एक चूक दाखवली, म्हणून त्याने भावाला राज्याबाहेर घालवले. पुढे शत्रू चालून येतो आहे हे सांगायला तोच भाऊ धावत आला आणि वेशीचे दार ठोठावू लागला. राजा म्हणाला, "आधी त्याने वाकावे, मग दार उघडा." दार उघडले तेव्हा भाऊ बाहेर शत्रूच्या बाणाने मरून पडला होता.

हे पाहून माणसे ढसाढसा रडत. "अरे, उघड ना दार," असे बायका पदराआडून पुटपुटत. नाटक संपले की कितीतरी जण तसेच उठून रुसलेल्या भावाच्या घरी जात. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्यांना पंच सांगत, "आधी नाटक पाहून या, मग न्याय मागा." बहुतेक जण न्याय मागायला परत येतच नसत.

आता गंमत ऐका, लहानांनो. मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी. या नटालाही एक धाकटा भाऊ होता, आणि दोघांत बोलणे नव्हते.

हा भाऊ त्याच नाटकात मृदंग वाजवायचा. एकदा तालमीत तो म्हणाला, "दादा, आवाज फार चढतोय. राजाला ओरडावं लागत नाही." बोलणे खरे होते. पण ते चारचौघांत झाले, आणि नटाच्या मनाला लागले. "आता तू मला राजा शिकवणार?" म्हणत त्याने भावाचा मृदंग मांडवाबाहेर नेऊन ठेवला. भावाने तो उचलला आणि नदीपलीकडच्या गावी जाऊन राहिला. वर्षानुवर्षे दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. गावाला सारे ठाऊक होते. पण ज्याचे नाटक पाहून आपण शहाणे झालो, त्याला शहाणपण कोण सांगणार?

एके वर्षी जत्रेच्या दिवशी सकाळीच धाकट्याची बायको नटाच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, ह्यांचा ताप उतरेना. वैद्यबुवांनी हात टेकले. सारखं 'दादा, दादा' चाललंय. एकदा येऊन जा."

नट लगेच उठला. त्याने पायात वहाणाही घातल्या. तेवढ्यात त्याला तालमीतले ते बोलणे आठवले आणि त्याची मान ताठ झाली.

"आधी त्यानं वाकावं," तो म्हणाला, "मग मी येईन."

भावजय डोळे पुसत निघून गेली. नटाची बायको म्हणाली, "अहो, अंथरुणाला खिळलेला माणूस वाकणार तरी कसा?" पण त्याला तोंडाला रंग लावायचा होता. तो मांडवाकडे गेला.

दुपारी नाटक रंगात आले. वेशीचे दार वाजले. बाहेरून भावाचे काम करणारा नट हाका मारू लागला, "दादा, दार उघड." राजा पुढे झाला. "आधी त्याने वाकावे," तो म्हणाला, आणि थांबला.

हे वाक्य त्याने उभ्या आयुष्यात किती वेळा म्हटले असेल त्याला गणती नव्हती. पण सकाळी आपल्याच उंबऱ्यात उभे राहून तो हेच म्हणाला होता, आणि तेव्हा ते त्याला कोणी लिहून दिले नव्हते. तो घाबरला, अगदी खरोखर घाबरला.

"वा, काय थांबलाय," म्हणत रसिकांनी माना डोलावल्या. नटाने मुकुट काढून बाजूला ठेवला, अंगरखा वर खोचला आणि मांडवातून जो निघाला तो नदीच्या वाटेने पळत सुटला. जाणकार म्हणाले, "हा काहीतरी नवा प्रकार दिसतो." बिचारे तिन्हीसांजेपर्यंत वाट पाहत बसले.

होडीत बसल्यावर नटाला एकच दिसत होते, राजा दार उघडतो आणि भाऊ बाहेर पडलेला असतो. ते दुःख त्याने इतक्यांदा रंगवले होते, पण ते खरेच आले तर काय करायचे हे त्याला मुळीच माहीत नव्हते.

भावाच्या घराचे दार उघडेच होते. बाजेवर भाऊ निपचित पडला होता. पावले वाजली तसे त्याने डोळे उघडले.

"दादा? अरे, हा तर राजाचा वेश. नाटक अर्धवट टाकून आलास?"

"हो," नट म्हणाला. "त्याचा शेवट मला पाठ आहे."

आणि एवढा मानी माणूस, थोरला असून धाकट्याच्या बाजेशी वाकला. "मी ओरडत होतो रे," तो म्हणाला. "तुझं बरोबर होतं."

"मीही ते चारचौघांत बोलायला नको होतं," भाऊ म्हणाला, आणि दोघेही लहान मुलांसारखे रडले.

ताप काही त्याच दिवशी उतरला नाही. गोष्ट आहे म्हणून खोटे कशाला सांगू? पण जो भाऊ कुणाच्या हातून पाणी घेत नव्हता, तो दादाच्या हातून पेज घेऊ लागला. हळूहळू उठून बसला, काठी टेकत अंगणात आला, आणि पुढच्या जत्रेला मृदंगावर त्याचीच थाप पडली. राजा आता हलक्या आवाजात बोलत होता. लोक पूर्वीपेक्षा जास्त रडले.

नाटकानंतर एक म्हातारा पुढे आला. "आता तरी शेवट बदला की. त्या राजाला एकदा वेळेवर दार उघडू द्या."

नट हसला. "राजाला उशीरच होऊ दे, बाबा. तुम्हाला होऊ नये म्हणून."

तात्पर्य: दुसऱ्याच्या गोष्टीतली जी चूक पाहून आपल्याला रडू येते ती आधी आपल्या घरात शोधावी, कारण नाटकाचा शेवट ठरलेला असतो, आपला नसतो.