बारवमाईच्या रित्या ओटीची कहाणी

ऐका बारवमाई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत घ्या, पोरं मांडीवर घ्या, आणि ज्यांना आपसांत बोलायचं असेल त्यांनी आधी पोटभर बोलून घ्या. कहाणी एकदा सुरू झाली की मग मध्ये तोंड घालू नये.

आटपाट नगर होतं. नगराला नदी नव्हती, तळं नव्हतं, समुद्राचं तर कुणी नावही ऐकलं नव्हतं. होती ती एक बारव. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या, आणि तळाशी पाणी. कसं पाणी? निळं म्हणावं तर ओंजळीत रंग नाही. गोड म्हणावं तर त्यात साखर नाही. उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट. घागरीत घातलं की घागरीएवढं, तांब्यात घातलं की तांब्याएवढं, तान्ह्याच्या ओठावर ठेवलं की थेंबाएवढं. राजा प्यायला तरी तेच, राजाचा घोडा प्यायला तरी तेच. त्या पाण्यावर भात शिजे, त्या पाण्यावर माती भिजून घरं उठत, आणि मरणाऱ्याच्या तोंडीही त्याचाच थेंब पडे. म्हणून लोक तिला बारवमाई म्हणत.

नगरात एक चाल होती. नवी नवरी आली की माईची ओटी भरायची. पोटुशी राहिली की भरायची. पोर झालं की भरायची. कशी भरायची? नारळ, तांदूळ, हळकुंड, बांगड्या, सगळं खणात बांधायचं, वरच्या पायरीवरून पाण्यात सोडायचं. "माई, घे," म्हणायचं, आणि मागे वळून न पाहता घरी यायचं. मागे पाहायचंच नाही, अशी चाल. त्यामुळे सोडलेल्या ओटीचं पुढे काय होतं, ते कुणी पाहिलं नाही.

त्या नगरात एक कुंभाराचं घर होतं. घरात सासू, नवरा नि सून. सुनेचं नाव येसू. नवरा चाकावर बसे, येसू माती तुडवी, सासू मडकी उन्हाला लावी. सगळं होतं, एक उणं होतं. पोर नव्हतं. मग सासू म्हणाली, "येसू, माईची ओटी भर गं. ती कुणाला रित्या हाती पाठवत नाही." येसूनं काय केलं? माहेरचा एकुलता एक हिरवा खण होता, तो काढला. त्यात नारळ बांधला, तांदूळ बांधले, गाठ मारली, पाण्यात सोडला. मागे पाहिलं नाही. वर्षाच्या आत पाळणा हलला. मुलगी झाली, नाव मथू ठेवलं. येसूला वाटलं, माईनं माझी ओटी घेतली, मला पोर दिलं. देणंघेणं झालं.

मथू व्हायच्या आधीपासूनच इकडे काय होत होतं? पाऊस थोडा पडे, उपसा मोठा होई. राजवाड्यात कारंजी होती, त्यांच्यासाठी मोट थांबत नसे. पहिल्या वर्षी हत्तीबुडीचं पाणी माणूसबुडी झालं. लोक घाबरले, राणीकडे गेले. राणी मनानं वाईट नव्हती बरं का. हात देणारा होता, फक्त नजर कधी खाली वळली नव्हती. ती म्हणाली, "माई रुसली. तिला मोठी ओटी द्या." मग शालू सोडले, पैठण्या सोडल्या. राणीनं दिलं, मग प्रधानीण मागे कशी राहील? प्रधानिणीनं दिलं, मग शेजारीण कशी राहील? बायांनो, हसू नका, आपणही त्याच वाणाच्या. पाणी काही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी माणूसबुडीचं पाणी कंबरभर झालं. राणी म्हणाली, "ओटी कमी पडली." मग रुप्याचे नारळ सोडले. पाणी काही आलं नाही. तिसऱ्या वर्षी कंबरभर पाणी घोटाभर झालं. राणी म्हणाली, "आता सोन्याची ओटी." मग गाडीच्या चाकाएवढं सोन्याचं कमळ घडवलं, वाजतगाजत आणलं, वरून सोडलं. धप्प झालं. जे घोटाभर होतं तेही गेलं, चिखल राहिला.

मग राजानं दवंडी पिटली. "अवसेला गाड्या जुंपा. जिथं पाणी मिळेल तिथं नगर जाईल." नगरातले पुरुष पाण्याच्या शोधाला निघाले, त्यांत येसूचा नवराही गेला. घरी उरल्या सासू, सून नि तान्ही मथू. राजवाड्याच्या कोठीतून घराला एक लोटा मिळे. सासू आपली वाटी येसूपुढे सरकवी. "मी प्याले गं मघाशी," म्हणे. ओठ तर भेगाळलेले. येसूला सगळं कळे, तरी ती पिई, कारण पोर अंगावर पीत होतं. पिताना तिच्या काळजाचं पाणी होई. आणि मग एके दिवशी तिचं दूधच आटलं. मथू तोंड लावी, ओढी, रडे. पुन्हा लावी, ओढी, रडे. मग तिचा आवाजही बारीक झाला. सासू म्हणाली, "येसू, हे पोर गाडीत टिकायचं नाही गं." आणि तोंडाला पदर लावला.

येसू उठली. भर दुपार होती. पोर उराशी बांधलं, बारवेवर आली. मनात म्हणाली, "माई, तू दिलंस ना हे? मग तूच बघ." आणि कधी कुणी उतरत नसे तशी खाली उतरू लागली. एक टप्पा उतरली, ऊन मागे राहिलं. दुसरा टप्पा उतरली, नगराचा आवाज मागे राहिला. तिसरा टप्पा उतरली, तहानही मागे राहिली असं तिला वाटलं. शेवटच्या पायरीवर बसली. दगड गार होता. मथूला मांडीवर घेतलं, आणि येसूचे डोळे मिटले.

तों काय, समोर एक म्हातारी बसलेली. केस ओले, लुगडं शेवाळाच्या रंगाचं. अंगातून मंद उजेड येतो आहे, जसा भरल्या पाण्यावर पहाटे असतो. पण मान वाकलेली. मांडीवर ओट्या, उरावर ओट्या, गळ्याशी ओट्या. भरजरी शालू अंगाला वेढलेले, सोन्याचं कमळ नेमकं छातीवर. श्वास घेते तर बुडबुडा येतो.

येसूनं विचारलं, "आजी, आजी, तुला काय देऊ? नारळ देऊ?"

"नको गं बाई."

"खण देऊ?"

"नको गं बाई."

"आता गळ्यातलं मणी-डोरलं उरलंय. ते देऊ?"

म्हातारी हसली, हसताना तिला धाप लागली. "वेडे, मला लुगडं कशाला? मला रंगच नाही. सोनं कशाला? मला वजनाचा हव्यास नाही, मी आपली उताराला धावणारी. माझी वाट दगडाच्या फटीतनं येते, केसाएवढी. तिच्यावर तुम्ही पिढ्यान् पिढ्या गाठोडी रचलीत. द्यायचं नाही, येसू. काढायचं. माझी ओटी रिती कर."

येसूनं मथूला उराशी धरलं. "आजी, तुझी ओटी भरली तेव्हा मला पोर झालं. ती परत काढली तर..."

"तर पोर परत जाईल, असंच ना?" म्हातारीनं ओला हात मथूच्या टाळूवर ठेवला. "पोर मी ओटीच्या बदल्यात दिलं नव्हतं गं. पाणी कधी काही बदल्यात देतं का? विंचू येतो त्यालाही देतं, गाय येते तिलाही देतं. तू आलीस, तुला मिळालं. एवढंच."

येसूनं डोळे उघडले. म्हातारी नाही, काही नाही. पुढे चिखल. येसूनं चिखलात हात घातला. कोपरापर्यंत घातला. पहिल्यांदा हाताला काय लागलं? हिरवा खण. तिचाच. गाठही तिचीच, माहेरी आईनं शिकवलेली.

मग ती थबकली. मथूकडे पाहिलं. मथू गप्प होती. रडत नव्हती, हलत नव्हती. येसूला वाटलं, मी नुसता हात लावला तर हिचा श्वास अडला, ओढून काढला तर काय होईल? सोडून द्यावं. मागे न पाहता घरी जावं, सगळ्या बायका गेल्या तसं. मग तिला त्या म्हातारीची धाप आठवली. म्हणाली, "माई, तू खोटं बोलत असशील तर मला कुठं जायला जागाच उरली नाही." डोळे मिटले आणि खण ओढून काढला.

काढला तों खालून एक धार आली. धार कसली, सुतळीएवढी ओल. येसूनं बोट बुडवलं, मथूच्या ओठावर ठेवलं. काही नाही. पुन्हा बुडवलं, पुन्हा ठेवलं. काही नाही. तिसऱ्यांदा ठेवलं, आणि मथूनं बोट धरलं. चोखू लागली. असं चोखलं की येसूला बोट सोडवेना.

तेवढ्यात वरून सासूची हाक आली. ती शोधत शोधत आली होती. पाहते तर सुनेच्या हातात ओटी. सासूनं कपाळ बडवलं. "अगं अवदसे, माईची ओटी उपसलीस? पोर परत जाईल ना!" येसू म्हणाली, "सासूबाई, खाली येऊन बघा, पोर काय करतंय." सासू पायरी पायरी बसत खाली आली. नातीचे ओठ ओले पाहिले. मग पदर खोचला आणि चिखलात बसली. थोड्या वेळानं तिच्या हाती चार काळ्या बांगड्या आल्या. तिचा मुलगा, येसूचा नवरा, पोटात होता तेव्हा तिनं सोडलेल्या. म्हणाली, "यांच्याखाली मीच माईचं तोंड दाबलं होतं की गं." आणि रडली.

हां हां म्हणता नगरात बातमी गेली. बायका शिव्या द्यायला आल्या आणि उपसायला बसल्या. जिची ओटी तिनं काढायची, हा नेम आपोआप पडला. वरच्या पायरीपर्यंत टोपल्यांची रांग लागली. पाणी घोट्याला आलं आणि तिथंच थांबलं. मध्ये राणीचं सोन्याचं कमळ, झऱ्याच्या तोंडावर घट्ट.

मग राणी आली. तिनं हुजऱ्यांना खूण केली. येसू म्हणाली, "राणीसाहेब, नोकर नकोत. जिची ओटी तिनं काढायची." राणीनं येसूकडे पाहिलं, मथूकडे पाहिलं, मग आयुष्यात पहिल्यांदा खाली पाहिलं. म्हणाली, "मी वरून टाकलं. मला काय माहीत, खाली कुणी आहे." पैंजण काढले, उतरली, चिखलात उभी राहिली, कमळाला हात घातला. हलेना. मग येसूनं हात घातला, सासूनं घातला, प्रधानिणीनं घातला, सगळ्या जणींनी घातला. "माई, सोड," म्हणाल्या. कमळ उचललं, आणि खालून पाणी असं उसळलं की राणी मटकन त्यातच बसली. बायका हसल्या, राणीही हसली. अवसेसाठी जुंपलेल्या बैलांच्या मानेवरची जुवं उतरली. गेलेले पुरुष परतले. येसूला पान्हा फुटला.

मग राणीनं विचारलं, "बाई, बाई, हा कोणता वसा? मला सांग." येसू म्हणाली, "उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." "मग ऐक. चैत्रात पाणी खाली जाईल तेव्हा बारवेत उतरावं. आपल्या हातानं टोपलीभर गाळ काढावा, तो शेताला घालावा. एक दिवस दोर टाकू नये, मोट जुंपू नये, माईला निजू द्यावं. दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी पाखरांना, मग गुरांना, मग आपल्याला. पाण्यात काही सोडू नये, देवाचं म्हणूनसुद्धा." राणीनं वसा घेतला, कारंजी बंद केली, कमळ मोडून नगराला घागरी दिल्या.

पुढल्या चैत्रात काय झालं? मथू चालू लागली होती. राणीचं मन उपकारानं भरून आलं, ती ओटी घेऊन वरच्या पायरीवर उभी राहिली, आणि बायांनो, सवय ती सवय, "माई, घे" म्हणत हात उचलला. येसू धावली. पाण्याच्या आड उभी राहिली आणि आपला पदर पसरला. ओटी पदरात पडली. खणात नेहमीचाच नारळ, नेहमीचेच तांदूळ. येसूनं तिथंच नारळ फोडला, पाणी मथूला पाजलं, खोबरं सगळ्या जणींना वाटलं. घरी निघताना राणीनं पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. खाली भरल्या पाण्यात एक ओल्या केसांची म्हातारी मोकळ्या छातीनं श्वास घेत होती.

जशी बारवमाई येसूला पावली, तिच्या लेकीच्या ओठाला ओल दिली, तशी तुम्हांआम्हांला पावो. कुणाची घागर रिती न परतो, कुणाच्या माईचा श्वास आपल्या ओटीखाली न कोंडो. ही साठां पायऱ्यांची कहाणी पांचा ओंजळींनी भरली, सुफळ संपूर्ण झाली. आता अक्षता पाण्यात नको, तुळशीत टाका.