वाकड्या टाक्याची बाहुली

खाजणवाडीत कुणाच्याही घरची बाहुली हातात घेतली की पाहुण्यांची पहिली तक्रार ठरलेली. पोफळीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या रुंद चिवट देठाचे अंग, आत नारळाच्या सोडणाचा काथ्या, काळ्या दोऱ्याचे डोळे, रंगीत चिंध्यांच्या पट्ट्या जोडून केलेला घेरदार घागरा. सगळे कसे रेखीव! आणि खालची शेवटची पट्टी मात्र एखाद्या शिकाऊ हाताने ओढूनताणून जोडल्यासारखी, वाकडी. "एवढी मेहनत घेतली, मग हे असे का?" म्हणून पाहुणे विचारतात. मग देवळापाशी बसलेले सोनूतात्या पानाची चंची गुंडाळून ठेवतात आणि सांगू लागतात.

फार मागे या खाडीकाठी भिवरा नावाची बाई होती म्हणे. तिच्यासारखी बाहुली आख्ख्या पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. टाका असा बारीक, की जोड शोधावा लागे. गावची रीत तेव्हाही हीच होती. मुलगी जन्मली की आईने तिची बाहुली करायची. लग्न होऊन मुलगी सासरी गेली की बाहुली तिच्यासोबत जायची. पुढे माहेरी येताना तिने घागऱ्याला एक पट्टी जोडून आणायची. सुख असो, दुःख असो, ज्या कापडाने ते पाहिले त्याच कापडाची. जे तोंडाने सांगवत नाही ते आईने पट्टीवरून ओळखायचे. भिवराला तर गावातल्या कुठल्याही लेकीची पट्टी वाचता येई. बायका आपापल्या मुलींच्या बाहुल्या घेऊन तिच्याच ओटीवर येत.

तिची एकुलती लेक तानी. तिला मात्र सुईचा भारी कंटाळा. आई शिकवायला बसली की ही खाडीवर कालवे-शिंपले काढायला पळायची. खाडीपलीकडे तिचे लग्न झाले. पावसाळ्यात होड्या बंद असत, त्यामुळे दोन-अडीच महिने निरोप नाही की भेट नाही. नारळीपौर्णिमा झाली, होड्या सुटल्या आणि पहिल्याच होडीने तानी आली. काखेत बाहुली होती.

नेमक्या त्या दिवशी भिवराच्या ओटीवर जत्रेच्या बाहुल्या करायला बायका जमल्या होत्या. तानीने बाहुली आईच्या मांडीवर ठेवली. घागऱ्याला पांढऱ्या मऊ कापडाची नवी पट्टी होती, टाके मात्र बेडकाच्या उड्यांसारखे. एक बाई फिसकन हसली. "भिवराचा चेडू आणि ह्यो टाको!" मग सगळ्याच हसल्या.

भिवराला ते झोंबले. तिने कात्री उचलली.

"आये, ता रवांदे गो," तानी हळूच म्हणाली.

"रवांदे काय? लोक माका हसतत!"

सगळ्यांदेखत तिने पट्टी उसवली आणि चिंध्यांच्या टोपलीत टाकली. तिच्या जागी लाल रेशमाची, रेघेसारखी सरळ पट्टी बसवली. बायकांनी तोंडात बोटे घातली. तानी जेवली, भांडी घासली आणि ओहोटीच्या होडीने परत गेली. जाताना बाहुली न्यायला विसरली, असेच भिवराला वाटले.

काही दिवसांनी कुणाच्या तरी बारशाच्या बाहुलीला चिंध्या शोधताना तिने टोपलीतून ती पांढरी पट्टी काढली. तिच्या कडेला एक इवलासा बंद शिवलेला होता. तान्ह्या बाळाच्या कुंचीचा बंद होता तो! सुईला हात न लावणाऱ्या तिच्या लेकीने कुणाला न सांगता, स्वतः कुंची शिवली होती. आणि कुंची कापून पट्टी कधी करतात? ती घालणारे कुणी उरले नाही, तेव्हाच ना. गावभरच्या लेकींचे दुःख वाचणारी बाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने लाल पट्टी उसवली. पांढरी पुन्हा जोडायला घेतली, तानीने जोडली होती तशीच. पण हाताला वाकडा टाका येईना. कितीदा घातला, कितीदा काढला, प्रत्येक टाका सरळच पडला. शेवटी तशीच बाहुली घेऊन ती खाडीपलीकडे गेली.

"कित्याक नाय सांगलंस गो माका?" ती रडत म्हणाली.

"त्या दिवशी सांगूकच इल्लंय, आये," तानी म्हणाली. तिने पट्टीवरून बोट फिरवले. "बरी झाली आसा पट्टी. आता तुझ्याकडेच ठेव."

तानी पुढे दर वर्षी माहेरी आली. हसली, बोलली, आईचे म्हातारपणही तिनेच काढले. पण मनातले असे काही तिने आईजवळ पुन्हा काढले नाही. "कशी आसस?" विचारले की म्हणायची, "बरी आसंय." भिवराने ते ऐकत उरलेला जन्म काढला. मरताना तिने बायकांकडून वचन घेतले, असे सांगतात: शेवटची पट्टी जाणत्या हाताने जोडायची नाही, आणि कुणाची उसवायची तर नाहीच.

आजही खाजणवाडीत बाहुली विकत घेणाऱ्याच्या हाती आधी सुई देतात. शेवटची पट्टी त्याने जोडायची, येईल तशी. कुणी हसत नाही. आजही माहेरी आलेल्या लेकीची बाहुली हातात घेण्याआधी आई "काय झाला गो?" म्हणून विचारते आणि लेक बोलेपर्यंत गप्प बसते.

तानीची बाहुली देवळात आहे. तिची पांढरी पट्टी तेवढी सरळ आहे, एकही टाका इकडचा तिकडे नाही. पाहुणे वाकून बघतात आणि म्हणतात, "वा! काम असावे तर असे." सोनूतात्या देवळाचे दार ओढून घेतात.