दोसुइंनी अडवून धरलेली ओळ

जो बीजात अंकुर होऊन निजतो आणि शब्दात अर्थ होऊन जागतो, त्या परमेश्वराला वंदन असो. श्रोतेहो, चित्त द्या.

फार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या जपान देशात, उत्तरेच्या बर्फाळ डोंगरांत मिनोसावा नावाचे गाव होते. तेथे चटया विणणाऱ्याच्या घरी कवी दोसुइ जन्मले. त्या देशात तीन ओळींची, सतरा अक्षरांची कविता लिहितात, तिला हायकू म्हणतात. दोसुइंनी तिलाच आपली उपासना मानले. गवताच्या चपला घालून ते तीस वर्षे देशभर चालले. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहायचे नाही, हा त्यांचा नेम होता. एका सरदाराने ऐन थंडीत वसंताच्या बहरावर कविता मागितली, तेव्हा ते म्हणाले, "आधी एक कळी दाखवा." सरदाराने त्यांना उपाशीच वाटेला लावले. असे म्हणतात की, पुढच्याच वळणावर एक वठलेले झाड त्यांच्यासाठी फुलले. ती कविता सांगायला दोसुइ मागे फिरले नाहीत. त्यांनी ती झाडालाच ऐकवली.

म्हातारपणी ते गावी परतले आणि ओतामे या धाकट्या विधवा बहिणीच्या घरी राहिले. गावाने त्यांना गुरू मानले. तिथली रीत अशी होती की, भाताचे बी पाण्यात भिजत घालण्यापूर्वी सारे देवळात जमत. एकाच्या ओळींना दुसरा ओळी जोडी आणि ती काव्यमाळ लाकडी फळीवर लिहून देवाला अर्पण होई. पहिल्या कवितेत त्या दिवसाचा ऋतू यावाच लागे. गुरूने ती मान्य केल्यावाचून बी भिजत नसे.

एका वर्षी संकट आले. आधीची दोन पिके थंडीने गेली होती आणि साऱ्या गावाचे मिळून तीन पोती बी उरले होते. भिजलेले बी थांबत नाही, ते पेरावेच लागते. कोवळ्या रोपावर दव गोठले, तर रोप जळते. ती तीन पोती गेली असती, तर गाव ओस पडले असते.

गावप्रमुख जिन्बेइने पहिली कविता वाचली. रानहंस उत्तरेला गेले, असे तिच्यात होते.

दोसुइंनी विचारले, "जाताना कोणी पाहिले?"

"गुरुजी, पंचांगात हंस जाण्याचा आजचाच दिवस दिलाय. राजधानीच्या पंडितांनी काढलाय."

"मग राजधानीचे हंस गेले असतील. आपले तळ्यावरच आहेत. सकाळी तोंड धुवायला गेलो, तर मलाच हाकलून लावलं त्यांनी."

लोक हसले. जिन्बेइ हसला नाही. "उशीर झाला, तर दाणा भरण्याआधी बर्फ पडेल. एका ओळीपायी गाव उपाशी मारणार का?"

"देवापुढे खोटी ओळ ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही," दोसुइ म्हणाले. फळीवर लिहायचा कुंचला बाहीत घालून ते तळ्याकाठी जाऊन बसले.

ते रोज पहाटे जात आणि दिवस मावळल्यावर परतत. कवी हंस राखायला लागला, असे लोक म्हणू लागले. ओतामे दुपारी पेज घेऊन येई आणि कुरकुरे.

"दादा, लोक विचारतात, हंसांशी सोयरीक जुळवताय का? काय सांगू?"

"सांग, मुलगी पसंत आहे, मुहूर्त निघत नाही."

"हसू नका. तुमचंच चुकलं तर?"

दोसुइंनी वाडगा खाली ठेवला. "तर गावानं माझं नाव टाकावं. पण न पाहिलेलं मी लिहिणार नाही."

असे म्हणतात की, त्या दिवसांत रानहंस त्यांच्या अंगाला अंग लावून बसत आणि तळ्यावरचा वारा त्यांना वळसा घालून जाई.

दहाव्या पहाटे कडाका पडला. खालच्या खोऱ्यात पंचांग पाहून पेरलेली रोपे काळी पडली. मिनोसावाची तीन पोती मात्र माळ्यावर कोरडी होती. जिन्बेइ अनवाणी, गोठल्या गवतावरून धावत आला आणि त्याने दोसुइंपुढे कपाळ टेकले. मग तोही शेजारी बसला.

बाराव्या सकाळी ऊन उबदार झाले आणि रानहंस एकदम उठले. असे म्हणतात की, त्यांच्या पंखांच्या वाऱ्याने साऱ्या शिवारातला गारठा एका दमात निघून गेला. दोसुइंनी कुंचला जिन्बेइच्या हाती दिला.

"लिहा, प्रमुख. आता तुम्हीही पाहिलंत."

*हंस उडाले*
*तळ्याच्या पाण्यावर*
*सकाळ उरे*

बी भिजले. असे म्हणतात की, त्या वर्षीचे बर्फ एकेका अक्षरासाठी एकेक दिवस, असे सतरा दिवस डोंगरमाथ्यावर थांबले आणि कापणी झाल्यावरच खाली उतरले. मिनोसावाने साऱ्या खोऱ्याला जेवू घातले. राजाश्रय लाभलेले कवी पुष्कळ झाले. पण ऋतूने ज्याच्या शब्दाचा मान राखला, असा कवी त्या एका गावाने पाहिला.

आजही तेथे पेरणीपूर्वी प्रत्येक घरातले एक माणूस दोसुइंच्या नावाने एक सकाळ तळ्याकाठी बसते आणि पाहिले तेवढेच तीन ओळींत लिहिते. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी शेजारी लिहितो. ज्याला दिसत नाही, तो ऐकलेले सांगतो, आणि त्याची कविता सर्वांत आधी वाचतात.

श्रोतेहो, तुमच्या कणगीत दाणा राहो, जिभेवर खरे राहो. आणि हे ऐकणाऱ्या प्रत्येक घरी, लहानथोरांच्या मुखी, देव सुखाचा घास देवो.