रणधीरराव सरकारांची बंदूक

शेलवडे संस्थानात एक माजलेला गवा भाताची खाचरं तुडवत सुटला होता. एका गुराख्याला तर त्याने शिंगावर घेतलं होतं. आणि संस्थानिक रणधीरराव अजून बंदूकच निवडत होते.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कासाहेबांना, आता अगदी वीट आला होता. त्या स्वतः शिकारी होत्या. पाचशे बोरची, म्हणजे सगळ्यात रुंद नळीची, बंदूक खांदा उखडते म्हणून सरकारांना नको होती. दोनशे पंचाहत्तरची गव्याला नुसती डिवचते म्हणून तीही नको.

"मग मधली तीनशे पंचाहत्तर घ्या," आक्कासाहेब रोज सांगायच्या. "गवा पडेल आणि खांदाही शाबूत राहील."

"पण थोडा धक्का बसतोच ना?" सरकार रोज विचारायचे.

शेवटी गावकरी गाऱ्हाणं घेऊन दरबारात आले, तेव्हा सरकार ऐटीत म्हणाले, "गवा एका गोळीत पडला पाहिजे, माझ्या खांद्याला धक्का बसता कामा नये आणि नेम चुकला तर बोल माझ्यावर येता कामा नये. अशी बंदूक दाखवा, आत्ता निघतो!"

आक्कासाहेब उठल्या.

"अशी बंदूक आहे, आबासाहेब. बोर कुठलाही चालेल."

"कुठे आहे?"

"दुसऱ्याच्या खांद्यावर! इतके दिवस तुम्ही बोर कुठे निवडताय? तुम्ही खांदा शोधताय."

मानकऱ्यांत आणि गावकऱ्यांतही खसखस पिकली. सरकारांचे कान लाल झाले. त्यांनी तडक तीनशे पंचाहत्तर मागवली आणि संध्याकाळी ओढ्याकाठी गवा पाडला.

खांदा पुढे आठवडाभर ठणकत होता, पण आक्कासाहेबांसमोर हूं की चूं करायची त्यांची छाती झाली नाही.