कुसळी गवताचं सीमोल्लंघन

खूप जुन्या काळी, गवतालाही वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. एका राजवाड्यासमोर एक टेकडी होती आणि तिच्यावर कुसळी गवत यायचं. त्याला कुणी पेरत नसे, कुणी पाणी घालत नसे. पावसाळ्यात उगवायचं, आश्विनात पिकायचं आणि थंडी सरायच्या आत मुळासकट मरून जायचं. वर्षभराचंही आयुष्य नाही त्याला!

एकदा राजा मोठ्या थाटात टेकडीवर फिरायला गेला आणि त्याच्या रेशमी धोतरात शेकडो कुसळं घुसली. पोटऱ्या खाजवत राजा दरबारात आला, तेव्हा हसू दाबता दाबता प्रधानाला ठसका लागला. राजाने तिथल्या तिथे शपथ घेतली, "या गवताचं बीसुद्धा शिल्लक ठेवणार नाही!"

पुढच्या श्रावणात गवत कोवळं असताना म्हातारा माळी हात जोडून म्हणाला, "म्हाराज, आत्ताच उपटू या. एकदा का कुसळ धरलं, मंग त्ये कुनाच्या बापाला ऐकायचं न्हाई."

पण राजाला खुरपणी नको होती, लढाई हवी होती. "शत्रूवर चाल दसऱ्यालाच करायची असते," तो म्हणाला. गवत उपटायला मुहूर्त पाहणाऱ्याला काय सांगायचं? माळी खुरपं घेऊन माघारी गेला.

दसरा उजाडला. नगारे वाजले. कुसळं टोचू नयेत म्हणून घोंगड्या पांघरलेली फौज विळे घेऊन टेकडीवर चढली. गवत पिकून पिवळं झालं होतं.

"शरण ये," राजा गरजला, "नाहीतर आज तुझा शेवट!"

"शेवटाची भीती कुणाला घालतोस?" गवत म्हणालं. "माझा शेवट ठरलेलाच आहे. तुझ्या विळ्याने तो महिनाभर अलीकडे येईल, एवढंच. काप! ही टेकडी मला कुणी दिलेली नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून मी ती सोडणार नाही."

गवत कापलं गेलं. त्याच्या गंज्या रचल्या आणि आठवड्याने पेटवल्या. पण तोवर गळलेले दाणे कामाला लागले होते. प्रत्येकाला पुढे अणकुचीदार टोक आणि मागे कुसळाची पिळदार शेपटी. पहाटेच्या दवाने पीळ सुटायचा, उन्हाने पुन्हा बसायचा आणि दाणा गिरमिटासारखा मातीत उतरायचा. इकडे सैनिक राजवाड्याच्या अंगणात बसून घोंगड्यांतली कुसळं वेचून टाकत होते.

पुढच्या वर्षीचा पाऊस पडला. टेकडी हिरवी झाली आणि राजवाड्याचं अंगणही!

"तुला तर मी जाळलं होतं!" राजा ओरडला.

"ती माझी आई," पायरीच्या फटीतलं पातं म्हणालं. "मला तर तुझ्याच फौजेने खांद्यावर बसवून इथे आणलं."

राजाने माळ्याकडे पाहिलं. माळी म्हणाला, "अंगनातलं उपटतो, म्हाराज. टेकडी त्याची हाय."

राजाने मान खाली घातली. त्यानंतर तो टेकडीला वळसा घालून जाऊ लागला.

तात्पर्य: मरणाआधी ज्याने आपली पेरणी उरकली, त्याला मरणाची धमकी देता येत नाही.