गळकी पत्रावळ

"गुरुजी, मी संस्कृत शिकवायला आलेय, पत्रावळी टाचायला नाही. नोकरी देताय की नाही, तेवढं सांगा. तीन शाळांतून नकार घेऊन आलेय मी."

हे मी कुंपणाशी उभी राहून ऐकलं. कढीपत्ता तोडायला गेले होते. तोडून झाला होता, पण पाय निघेना.

शेजारची भाकरे गुरुजींची शाळा म्हणजे वीस पोरं, एक गाय आणि भाजीचे चार वाफे. सकाळी पाठांतर, मग हातांची कामं. आणि ही आलेली वैदेही देशकर, एम.ए.ला सुवर्णपदक मिळवलेली.

"जेवून ठरवू," गुरुजी म्हणाले.

शाळेची रीत अशी, की जेवणाआधी प्रत्येकाने पळसाच्या पानांची एक पत्रावळ टाचायची. मात्र आपली आपण घ्यायची नाही. शेजारी बसेल त्याला द्यायची.

वैदेहीने कशाबशा चार काड्या खुपसल्या आणि पत्रावळ गुरुजींपुढे सरकवली. तिच्यापुढे आली ती सात वर्षांच्या रेणूने टाचलेली.

कुंपणापलीकडे अंगणातच पंगत बसली. भात वाढून झाला. वरण आलं.

गुरुजींच्या पत्रावळीतून पिवळी धार निघाली, ती थेट धोतरावर.

पोरं फिस्सकन हसली. गुरुजी आपले भात कालवत राहिले.

"वाढ रे, अजून एक पळी."

"अहो गुरुजी, गळतंय!" वैदेही म्हणाली.

"हो..."

"मग थांबवा ना त्याला!"

"नको. जिने टाचलीय, तिला वाईट वाटेल."

वैदेहीचे कान लाल झाले. तिने खाली पाहिलं. तिच्या पत्रावळीत वरणाचं तळं होतं आणि बाहेर एक थेंब नव्हता.



मग ती हळूच रेणूकडे वळली. "कशी गं टाचलीस?"

"पानावर पान चढवायचं, मॅडम. तुम्ही नुसती कडेला कड लावलीत."

"पुन्हा दाखव बरं."

रेणूने उष्ट्या हातानेच हवेत दाखवलं. वैदेहीनेही तसाच हात फिरवून पाहिला.

आचवताना ती गुरुजींपाशी आली. मघाचा चढा आवाज पार उतरला होता.

"गुरुजी... उद्या येऊ, की नको? उद्यासुद्धा नीट जमेल असं नाही वाटत मला."

गुरुजी धोतराचा सोगा पिळत होते.

"या की. उद्या मी जुनं धोतर नेसतो."